आम्ही फक्त चाल वाजवायचो

बँडवाल्याजवळ किस्से साठत जातात, कारण लग्नघरात तो असून नसल्यासारखा असतो. माणसं त्याच्यादेखत रुसतात, भांडतात, रडतात, आणि मधेच वळून म्हणतात, "हं, वाजवा." मी नगरला शिंपीकाम करायचो आणि लग्नसराईत उस्मानमास्तरच्या बँडमध्ये क्लॅरोनेट फुंकायचो. लढाईचा काळ होता. एरवी मशीनवर बसून सोल्जरांच्या खाकी पँटी शिवायच्या, लग्नाचं बोलावणं आलं की लाल कोट चढवून निघायचं.

परवा रेडिओवर त्या वेळचं एक गाणं लागलं. कॉलेजात जाणारी माझी नात कान देऊन ऐकत होती. गाणं संपल्यावर म्हणाली, "आजोबा, असलं तुम्ही लग्नात वाजवायचात?"

म्हटलं, "बाळ, तोंडातून शब्द एक काढला नाही आम्ही. फक्त चाल वाजवायचो."

तिला काही ते पटलं नाही. तिचंही बरोबर आहे म्हणा. शब्द तर सगळ्या गावाला पाठ असायचे. कुणाच्या वयावर, कुणाच्या रंगावर, कुणाच्या बोलण्यावर, गाणं कुणालाच सोडत नव्हतं. तंबूतला सिनेमा गावोगाव फिरायचा, हॉटेलात ग्रामोफोन असायचा. उस्मानमास्तर हॉटेलात बसून एक चहा दोनदा गार करायचा आणि गाणं कानात भरून आणायचा. तो कॅम्पातल्या लष्करी बँडात शिकलेला. दुसऱ्या दिवशी ती चाल आमच्या बोटांत.

* * *

नगरच्या एका वकिलांच्या मुलीचं लग्न होतं. वकील कडक शिस्तीचे. आम्ही आल्याआल्या त्यांनी मास्तरला बाजूला घेतलं.

"हे पहा, सिनेमातलं एकही गाणं चालणार नाही. भजनं वाजवायची, नाहीतर बँड परत न्यायचा."

"भजनंच वाजवतो साहेब," मास्तर म्हणाला आणि खरोखर भजन सुरू केलं. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं, साधं, गोड भजन. तर मांडवातली तरणी पोरं एकमेकांना कोपरानं ढोसायला लागली. व्याह्यांनी मिशीतल्या मिशीत हसून घेतलं. झालं होतं असं, की एका सिनेमावाल्यानं तीच चाल उचलून तिच्यावर पाणवठ्यावरचं भलतंच गाणं बसवलं होतं, आणि तो सिनेमा नगरला नुकताच येऊन गेला होता.

वकील तावातावानं आले. "मास्तर, हे काय चाललंय?"

"भजन चाललंय साहेब."

"हे त्या सिनेमातलं आहे."

मास्तर अगदी गरिबासारखा म्हणाला, "मला वाटलं भजन हाय. साहेबांनी सिनेमा बघितलेला दिसतोय."

वकिलांनी हात वर करून बँड थांबवला. मागं त्यांच्या आई डोळे मिटून टाळ्या वाजवत बसल्या होत्या. म्हणाल्या, "थांबलात का? किती दिवसांनी देवाचं ऐकतेय."

* * *

त्याच सुमारास माझ्या धंद्यावरच एक गाणं निघालं. 'चोळी झाली तंग ग बाई, शिंपी मेला दंग ग बाई.' पुढचं सांगत नाही. गल्लीतली पोरं माझ्या दुकानावरून जाताना ते म्हणायची. बायका माप द्यायला येईनाशा झाल्या. जुनी चोळी दाराशी ठेवायच्या आणि "हिच्यासारखी शिवा" म्हणून लांबूनच निघून जायच्या. आमची मंडळी दोन्हीकडून चिडलेली, गाण्यावरही आणि माझ्यावरही.

आमच्या समाजात अण्णा म्हणून एक वडीलधारे होते. ते घरी आले.

"तू शिंप्याचा मुलगा ना रे? आणि शिंप्याची अब्रू वाजवत हिंडतोस?"

"अण्णा, लोक मागतात. माझ्या एकट्याच्या हातात काय हाय?"

"तुझं क्लॅरोनेट तर तुझ्या हातात हाय ना?"

मी कबूल झालो. मास्तरला सांगितलं, हे गाणं आलं की मी गप्प उभा राहणार. मास्तर बरं म्हणाला. माझ्या पोटापाण्याचं त्यालाही कळत होतं.

मग अण्णांच्याच पुतण्याचं लग्न आलं. वरातीतल्या मंडळींनी नेमकं तेच गाणं मागितलं, आणि सगळेच शिंपी. बँड वाजायला लागला. मी क्लॅरोनेट काखेत धरून उभा. पण त्या गाण्याचा सगळा नखरा क्लॅरोनेटमध्ये होता. नुसत्या पितळी कॉर्नेटवर ते म्हैस ओरडल्यासारखं लागत होतं. नाचणारे अडखळले. अण्णा माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले,

"फुंक बाबा. अब्रू गेली ती गेलीच, निदान सुरात तरी जाऊ दे."

* * *

आमचा ढोलवाला सोपान. अंगानं दांडगा, मनानं लोणी. त्याचं लाडकं गाणं होतं, 'राया तुझी चापट, लागे साखरेवानी.' नवऱ्यानं मारावं आणि बायकोनं गोड मानून घ्यावं, असा सगळा मजकूर. त्या वेळी बायकासुद्धा हसून ऐकायच्या. निदान आम्हाला तसं वाटायचं. ढोल ठोकताना सोपान 'चापट' या शब्दावर असा घाव घालायचा की घोडी बुजायची.

एकदा तालमीला तो गाल सुजवून आला. आम्ही विचारलं, तर दाढ दुखतीय म्हणाला. पण त्याची बायको कौसा त्याचा डबा घेऊन मागोमाग आली. मास्तरनं तिला विचारलं, "काय गं, सोपानच्या दाढेला काय झालं?"

"दाढ न्हाई मास्तर," कौसा म्हणाली. "सकाळधरनं तेच गानं म्हनत हुते. म्हनलं, गोड लागती का बघावं."

त्यानंतर त्या गाण्यात सोपानचा ढोल फार हलक्या हातानं वाजायला लागला. मास्तर म्हणायचा, "आत्ता कुठं तालात आलं."

* * *

एका वर्षी तोतऱ्याचं गाणं आलं. तोतरा प्रियकर प्रेयसीला मनातलं सांगायला जातो आणि पहिल्याच अक्षरावर अडकून बसतो. गाणारा मुद्दाम अडखळायचा आणि लोक पोट धरून हसायचे. ते वाजवल्याशिवाय त्या वर्षी लग्न लागत नव्हतं.

मिरजगावच्या एका धान्याच्या व्यापाऱ्यानं आम्हाला बोलावलं होतं. त्याच्या मुलाचं लग्न. आम्ही बैलगाडीतून उतरतोय तोच व्यापारी हात जोडून पुढं आला.

"मास्तर, एक गाणं तेवढं टाळा. आमचा विठ्ठल बोलताना अडतो. लहानपणापासनं पोरांनी लई छळलंय त्याला. आज नको."

मास्तरनं त्याचे हात खाली केले. "शेठ, ते गाणं आम्हाला येतच न्हाई असं समजा."

नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या पाया पडायला निघाला. आम्ही पुढं. वाटेत दोघातिघांनी तोतऱ्याचं मागितलं. मास्तर मान हलवायचा आणि दुसरंच काढायचा. मारुतीच्या पारापाशी नवरदेवानंच घोडा थांबवला आणि मास्तरला जवळ बोलावलं.

"म-म-मास्तर, ते त-त-तोतऱ्याचं वाजवा."

मास्तरनं त्याच्या बापाकडं बघितलं. बापाचा चेहरा पांढरा पडलेला.

"व-वाजवा. म-मला म्हनायचंय."

आम्ही सुरू केलं. विठ्ठल घोड्यावर ताठ बसला आणि त्यानं आवाज लावला. इतका मोकळा गळा की मी फुंकायचा थांबणार होतो. सबंध गाणं त्यानं एका दमात म्हटलं, धारेसारखं. एका अक्षरावर अडला नाही. जिथं अडखळायचं तिथंसुद्धा नाही.

गर्दीतला एक जण न राहवून ओरडला, "आरं, चुकलं की. हितं अडखळायचं असतंय."

विठ्ठल हसला. म्हणाला, "त-त-तेवढं गाताना ज-जमत न्हाई."

त्याचा बाप पाराच्या मागं जाऊन डोळे पुसून आला.

* * *

सुप्याला गंगूबाई म्हणून एक खमकी बाई होती. नवरा गेल्यावर शेतीवाडी तिनं एकटीनं राखलेली. तिच्या वरच्या ओठावर चांगली काळीभोर लव होती, आणि ती न दिसल्यासारखं वागायची सवय सगळ्या सुप्याला लागलेली होती. तिच्या मुलाचं लग्न आमच्याच बँडनं वाजवलं.

सून यमुना रंगानं काळी. अगदी काळी. मुलानं तिला एका जत्रेत बघितलं होतं आणि हट्ट धरला होता. गंगूबाईनं होकार दिला, पण मनापासून नाही. लग्नात ती एकदाही हसली नाही.

ऊन कलता कलता वरात घराशी आली. उंबऱ्यावर धान्याचं माप ठेवलेलं. गंगूबाई दारात उभी, शेजारी तिच्या बहिणी. तिनं सुनेला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि तिच्या डोक्यावरून आम्हाला हाक दिली.

"मास्तर, ते दिव्याचं वाजवा."

त्या गाण्याचं पहिलं कडवं पोराटोरांना पाठ होतं. 'दिवा लावा ग दारी, नवरी आली अंधारी.' बहिणींनी तोंडाला पदर लावले. नवरदेव "आई" एवढंच म्हणाला. मास्तर घुटमळला, पण आम्हाला आणणारी तीच होती. आम्ही वाजवलं, जमेल तितकं हळू.

सुनेबरोबर तिचे मामा आले होते. त्यांनी तिचा दंड धरला. "चल पोरी. मागं फिरू. असल्या घरात न्हाई नांदायचं."

यमुनानं त्यांचा हात सोडवला. रडली नाही. मुंडावळ्या बाजूला केल्या आणि आमच्याकडं वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"मास्तर, आता दुसरं कडवं वाजवा."

मास्तरनं माझ्याकडं बघितलं. दुसऱ्या कडव्याची चाल काही वेगळी नव्हती. होतं तेच पुन्हा वाजवायचं. पण ते कडवंही सगळ्यांना पाठ होतं. 'वस्तरा आणा ग दारी, सासूची मिशी भारी.'

आम्ही तीच चाल पुन्हा वाजवली. बहिणींचे पदर तोंडावर होते तिथंच राहिले. गंगूबाईचा हात आपोआप ओठाकडं गेला. मग तिनं पदर नाकापर्यंत ओढला. तिचे खांदे हलायला लागले. रडतेय का हसतेय, मला दिसेना.

चाल संपली. गंगूबाईनं पदराआडूनच सुनेला म्हटलं,

"तिसरं ऱ्हाऊ दे गं बाई. माप वलांड, आत ये."