मीठ दोनदा पडलेली बाटली

बाबा शांपूच्या कारखान्यात मोठ्या टाकीवर माल ढवळायला होते. आईही तिथेच. फेसाचं रसायन बाबांचं, दाटपणा आणणारं पॉलिमर तिचं, आणि शेवटी मीठही तिनंच घालायचं. मीठ बेताचं पडलं तर दोन्ही एकजीव. जास्त पडलं की फारकत, एक थर वर, एक खाली. आमच्या घरातली भांडणं मात्र मिठावाचूनच व्हायची.

शेवटच्या आजारपणात आईचं लक्ष उडालं आणि एका बॅचला तिनं मीठ दोनदा घातलं. माल फुकट गेला. चार दिवसांनी तीही गेली. त्या बॅचची नमुन्याची बाटली बाबांनी मागून घरी आणली, कपाटात ठेवली आणि रोज सकाळी हलवू लागले. नाही हलवली तर दोन दिवसांत थर सुटणार, आणि ते त्यांना बघवणार नव्हतं. तीन वर्षं हाच उद्योग. मी म्हणायचे, बाबा, कुत्र्याचं शेपूट नळीत घालताय. ते बाटली हलवतच राहायचे.

मग बाबा पडले, खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यातल्या खाटेवरून त्यांनी एकच मागितलं, "तेवढी बाटली हलवत जा." मी हो म्हटलं, घरी आले, कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. खरं सांगते, मला त्या बाटलीचा राग होता. माझी एवढी काळजी त्यांनी कधी केली नव्हती.

अठराव्या दिवशी त्यांना घरी सोडणार होते. सुटलेले थर बघून म्हातारा खचणार. निदान आता तरी हलवावी म्हणून कपाट उघडलं. थर नव्हतेच. बाटली तळापर्यंत एकजीव होती, आणि बारीक बुडबुड्यांनी गच्च भरलेली. हलवल्यावर येतात तसे. ते अर्ध्या दिवसात विरतात. एक बुडबुडा तर माझ्या डोळ्यांदेखत वर सरकत होता. घरात मी एकटी, किल्ली माझ्याकडे.

बाबांना घरी आणल्यावर त्यांच्याशी खोटं बोलवेना. "मी एकदाही हलवली नाही, तरी ती एकजीवच आहे," असं सांगून टाकलं. वाटलं, घाबरतील, नाहीतर हरखतील. ते पांघरुणाचं टोक चोळत राहिले.

"म्हणजे तीन वर्षं तिला माझी गरजच नव्हती," ते म्हणाले, आणि हमसून हमसून रडले.