सासऱ्यांच्या पाठीवरची लक्ष्मी

“लक्ष्मीला हात लावाल तर बघा, जावईबापू!”

सासूबाई ओरडल्या तेव्हा माझ्या हातात ओला टॉवेल होता आणि समोर सासऱ्यांची उघडी पाठ. लक्ष्मी म्हणजे त्या पाठीवरचा तीळ. माझ्या लग्नात तो साबुदाण्याएवढा होता, आता चिंचोक्याला मागं टाकून निघाला होता. पाठ म्हणजे सोलापूर जिल्हा धरला, तर तीळ टेंभुर्णीला आणि त्याची वेडीवाकडी काळी-तांबडी कड थेट सांगोल्याच्या वेशीला टेकलेली.

सासऱ्यांचं जनावरांच्या पेंडीचं दुकान चालतंय ते या तिळामुळंच, असं कुणा ज्योतिष्यानं सांगून ठेवलेलं. तेव्हापासून सासूबाई दर शुक्रवारी त्याला कुंकू लावायच्या, बोट पदराला पुसायच्या आणि त्याच बोटानं आम्हाला शेंगाचटणी वाढायच्या. जुळे सोलापुरातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये मी वर्षानुवर्षं दह्याबरोबर भाकरी ढकलली, पण चटणीला शिवलो नाही. सोलापूरच्या माणसाला यापेक्षा मोठी शिक्षा असेल तर सांगा.

सासरे उन्हाळाभर उघडेच जेवायला बसायचे. त्या दिवशी एक माशी तिळावर बसली, पोटभर बसली, आणि उठून माझ्या ताटाच्या काठावर येऊन हातपाय पुसायला लागली. घास घशातनं परत फिरला. म्हणून तो टॉवेल.

सासूबाईंच्या ओरडण्याकडं कानाडोळा करून मी पुसलं. कुंकू एका फटक्यात निघालं, तांबडं मात्र निघेना. पुसलं की पुन्हा यायचं. पातळ, चिकट, आणि वास भिजलेल्या पेंडीच्या पोत्याचा. कुंकवाला काही पाझर फुटत नाही. ते रक्त होतं.

“मामा, डॉक्टरकडं चला,” मी म्हणालो. आमच्यात सासऱ्यांना मामाच म्हणतात.

“आन् काढून टाकला म्हंजे? दुकान बसंल की!”

“काढत न्हाईत हो. नुसता फोटो घेत्यात.”

हे मी इतक्या साळसूदपणे सांगितलं, की क्षणभर मलाही खरं वाटलं.

कातडीच्या डॉक्टरांनी भिंग लावलं आणि त्यांचं हसू गेलं. “आकार वाढलाय, कड विस्कटलीय, रंग दोन झालेत, वर रक्त. यातलं एक जरी दिसलं तरी लगेच यायचं असतं. आजच काढू या.”

मामांनी माझ्याकडं असं बघितलं, की त्या नजरेवर भाकरी भाजली असती. पण पालथे झोपले. सासूबाई हट्टाला पेटल्या, “मग बरणीत घालून द्या. देव्हाऱ्यात ठिवते.”

“बाई, तो तुकडा तपासायला पाठवायचाय.”

देव्हाऱ्यातली ती बरणी डोळ्यांपुढं आली आणि मी बाहेर बेसिन शोधत धावलो.

रिपोर्ट वाईट आला. कॅन्सरच होता, पण खोल गेला नव्हता. भोवतीची आणखी कातडी काढावी लागली. मामा वाचले. तपासणीला अजून जावं लागतं.

टाके निघाले त्या दिवशी मात्र मला राहवलं नाही. सासूबाई ओट्यापाशी चहा गाळत होत्या.

“मामी, दर शुक्रवारी तुमी बोट लावत होता. ओलं लागत नव्हतं?”

“लागायचं की,” त्या म्हणाल्या. “घाम वाटला.”