त्या पुस्तकात मी आहे का?

विद्यापीठाच्या कँटीनमध्ये मी चहा करतो. समोरच्या कपाटात इथं शिकून गेलेल्यांनी लिहिलेली पुस्तकं ठेवल्यात. शाळेशी माझं जमलं नाही, एक ओळ वाचेपर्यंत दूध उतू जातं. म्हणून मी त्या पुस्तकांवर लांबूनच नजर ठेवतो.

आज एक पोरगी त्यातलं एक वाचता वाचता माझ्याकडं बघून हसली. झालं! हे लिहिणारे इथंच तासन्‌तास बसायचे. माझी ढेरी, माझं बेसूर गाणं, मी स्वतःलाच घातलेल्या शिव्या, सगळं छापलं असणार. गप्प बसून चहा पिणारा माणूस मनात काय भरून नेतो, कुणाला कळतंय?

शेवटी विचारलंच, "ताई, खरं सांगा. मी आहे ना यात?"

तिनं पानं चाळली. "मोडका बाक आहे, मामा. गळकं छप्पर आहे. मग लिहिलंय, चहा आला."

"कुणी आणला?"

"कुणी नाही. नुसताच आला."

"मग हसलात कशाला?"

"तुमच्या पायाशी मांजर बसलीय ना, तिला बघून. तिच्यावर अख्खी दोन पानं आहेत!"

अब्रू शाबूत राहिली, तरी बरं काही वाटेना. मी खाली बघितलं. बाईसाहेब डोळे मिटून पडलेल्या. दूध मी घालतो, आणि ही जाऊन बसायची लिहिणाऱ्यांच्या मांडीवर. माझा पक्का संशय आहे, हिनं वशिला लावला.