ढिगाच्या जिवावर

"खांदा? माझ्या शिखराला खांदा म्हणतेस?" बाबांनी ताट पुढे सरकवलं. "मग डोकं कुणाचं?"

"शेजारच्या शिखराचं," सून म्हणाली. ती नकाशांच्या कचेरीत मोजणीचं काम करायची. मुलुखातल्या शिखरांची नवी क्रमवारी तिच्या सहीने जायची होती.

"घ्या! घरचीच सून, आणि घाव घरावरच," तिचा नवरा पुटपुटला.

बाबा वाटाड्या. डोंगर चढायला येणाऱ्यांना ते मुलुखातल्या तिसऱ्या उंच शिखरावर नेत. त्यांच्या वडिलांनीही तेच केलं. गावात त्यांना कुणी नावाने हाक मारत नसे, 'तिसरेबाबा' म्हणत. दाराबाहेरच्या पाटीवरही तेवढंच. लोक क्रमवारी वाचून येत, म्हणून चूल पेटत होती.

"उंचीत चौथं झालंय का? चौथं तर चौथं. मी काय पहिल्या नंबरासाठी रडणारा आहे?"

"नुसती उंची बघत नाहीत, बाबा. शेजारच्याकडून आपल्याकडे यायला मधल्या खिंडीत उतरावं लागतं ना? त्या खिंडीपासून आपलं किती वर उठतं, ते बघतात. पुरेसं उठलं नाही, तर ते वेगळं शिखर धरत नाहीत. शिवाय एकटेपणा मोजतात. म्हणजे आपल्याहून उंच जागा किती लांब आहे ते. तिथे तर शेजारी अगदी खेटून बसलाय."

"एकटेपणा मोजायचाय?" सासूबाई भाकरी वाढता वाढता म्हणाल्या. "मग चढाईच्या मोसमात या घरात येऊन मोज. वर कशाला तंगडतोड?"

कुणी हसलं नाही.

"जुन्या मोजणीत बसत होतं," बाबा म्हणाले.

"बसत होतं. ती मोजणी माथ्यावरच्या दगडांच्या ढिगाच्या टोकावरून झाली होती. मी खालच्या खडकावरून केली. ढीग धरला तर जेमतेम बसतं. नाही धरला तर नाही."



तो ढीग बाबांच्या घराण्याचाच. वर येणाऱ्या प्रत्येकाने पायथ्याचा एक दगड न्यायचा, ही वडिलांची रीत. मुलगा झाला त्या आठवड्यात बाबांनी स्वतः दोन नेले होते. थकलेल्या माणसाच्या पिशवीतला दगडही ते आपल्या पाठीवर घेत. शिखराने आपल्याला पोसलं, असं ते सगळ्यांना सांगत आले. आणि शिखराला कोण उचलून धरत होतं? हे पायथ्याचे दगड!

"मग ढीग धर की!" नवरा ओरडला. "वर कोण जातंय खरवडून बघायला? दगड डोंगराचेच आहेत."

"वाहून नेलेले आहेत. सही माझी आहे."

"आणि घर कुणाचं आहे?"

सासूबाईंच्या हातातली भाकरी हातातच राहिली. या घरात हा प्रश्न आजवर कुणी सुनेला विचारला नव्हता.

बाबांनी सुनेकडे पाहिलं. "खडकावरूनच मोजलंस? नक्की?"

"दोनदा, बाबा. मलाही पहिल्यांदा खरं वाटलं नाही."

बाबांनी हात धुतला, बाहेर गेले. खिळे उपटल्याचा आवाज आला. पाटी काखोटीला मारून ते आत आले आणि ती भिंतीकडे तोंड करून ठेवली.

"उद्या सकाळी वर जायचंय, ढीग उतरवायला," ते मुलाला म्हणाले. "दगड तू वाहायचेस. सूनबाई मोजेल. जेवून घ्या सगळे."