गेटच्या आत आई नाही

शाळेत आईला आई म्हणायचं नाही, हा नियम मी केला. मला कोणी तसं सांगितलं नव्हतं. त्यामुळे दोष वाटून घ्यायलाही कोणी नाही.

शेगावजवळच्या एका कॅथलिक शाळेत मी प्रायमरी सेक्शनचा सुपरवायझर आहे. म्हणजे प्रिन्सिपल आणि वर्गशिक्षक यांच्या मधला माणूस. त्या वर्षी माझ्याकडे 'वेलबीइंग'चं कामही आलं होतं. मुलं शाळेत रमतात का, कोणी एकटं पडतं का, हे बघायचं.

शोभाताई आमच्याकडे आया. लहान मुलांना बाथरूमला नेणं, डबे उघडून देणं, कोणी पडलं तर जखम धुणं. सगळी शाळा त्यांना मावशी म्हणते. त्यांची तन्वी पहिलीत आली आणि थोड्याच दिवसांत एक पालक माझ्या केबिनमध्ये आले.

"सर, मावशी रोज आपल्याच पोरीचा डबा पह्यले उघडते. आमच्या लेकरानं काय पाप केलं?"

मी शोभाताईंना बोलावलं. "आपल्या टीचर्सची मुलंसुद्धा शाळेत आईला मिस म्हणतात. तन्वीनंही मावशी म्हणावं. जवळ घेणं, लाड, सगळं घरी. गेटच्या आत ती बाकीच्यांसारखीच."

"हाव सर," त्या म्हणाल्या.

आईला मिस म्हणताना मुलाची मान ताठ होते. मावशी म्हणताना काय होतं, हा विचार मी केला नाही.

तक्रार थांबली. एकदा व्हरांड्यात शोभाताई दुसऱ्या आयाला सांगत होत्या, "तन्वी रोज गेटाबाहेर आलो का विचारते, आता आई म्हनू काय?"

"शोभे, पोरगी तं साहेब झाली तुही," ती म्हणाली. त्या दोघी हसल्या. मीही हसलो.

मग वर्गशिक्षिका आल्या. "सर, तन्वी वर्गात बोलतच नाही. डबाही तसाच परत नेते."

"रुळेल," मी म्हणालो. वेलबीइंगचं काम माझ्याकडे होतं आणि मी एवढंच म्हणालो.

एके दिवशी सकाळच्या प्रार्थनेत तन्वी खाली बसली. अंगात ताप होता. मी तिला उचलून सिकरूममध्ये नेलं. एक खाट आणि एक पाण्याचा जग, एवढीच ती खोली. बाहेर शोभाताई फरशी पुसत होत्या, बादली सरकवल्याचा आवाज येत होता.

"आईला बोलावू का?" मी विचारलं.

"आई शाळेत नसते सर."

"मग बाहेर कोण आहे?"

"मावशी हाये."

शोभाताई दारात आल्या होत्या. हात ओले. त्या तन्वीकडे नाही, माझ्याकडे बघत होत्या. मी मान हलवेपर्यंत त्या आत आल्या नाहीत.

त्याच दिवशी मी नियम मागे घेतला आणि शोभाताईंना तसं सांगितलं. मला वाटलं, संपलं. पण ताप उतरून तन्वी परत आली तरी आईला मावशीच म्हणत होती.

"म्हनतच नाही सर," शोभाताई म्हणाल्या. "म्हनते, मी आई म्हनलं तं सर तुले कामावरून काढतीन." मग खाली बघून म्हणाल्या, "मीच सांगलं होतं तिले तसं. आयकाव म्हनून."

मी प्रिन्सिपल सिस्टरांकडे जाऊन सगळं सांगितलं. सिस्टर मूळच्या केरळच्या, मराठी शिकलेल्या, म्हणून मोजकं बोलतात.

"नियम मागे घेतला, ते ऑफिसचं काम झालं," त्या म्हणाल्या. "माफी मागितली का?"

"म्हणून तर तुमच्याकडे आलो, सिस्टर."

"तुम्ही मला कुठे दुखावलं? आमच्यात कन्फेशन केलं तरी ज्याला दुखावलं त्याच्याकडे जावंच लागतं."

तरीही मी काही दिवस टाळलं. पहिलीतल्या मुलीची माफी कशी मागतात, हे मला कोणत्याही ट्रेनिंगमध्ये शिकवलं नव्हतं. एवढं मात्र तेव्हा कळलं, की सगळ्यांना सारखं वागवणं हे आम्हा शाळेतल्या माणसांना सोयीचं असतं. न्याय ही निराळी गोष्ट आहे. आता कुठलाही नियम करण्याआधी मी विचारतो, हा कोणाला सगळ्यात जास्त लागेल?

शेवटी एकदा मधल्या सुट्टीत पहिलीच्या वर्गात गेलो. तन्वीच्या शेजारी त्या बुटक्या बाकावर बसलो. शोभाताई पलीकडच्या रांगेत होत्या.

"तन्वी, शाळेत आई म्हणू नको, असं मी सांगितलं होतं. ते माझं चुकलं. तुझं काही चुकलं नाही. तुझ्या आईला कोणी कामावरून काढणार नाही. मला माफ कर."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग बोट दाखवलं.

"तिलेबी म्हना."

"कोणाला?"

"आईले."

मी उठलो. पोरं खायची थांबली होती. शोभाताई हातातला डबा तसाच धरून उभ्या होत्या.

"शोभाताई," मी म्हणालो, "मी तुमच्या लेकीला तुमच्यापासून तोडलं. मला माफ करा."