बाप्तिस्म्याआधीची भाकर

इतकी वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं ते लिहितो आहे. माझा बाप्तिस्मा झालेला नव्हता, आणि तरी मी चर्चमधलं प्रभुभोजन, येशूच्या आठवणीची भाकर, घेत आलो.

आमचं घर भंडाऱ्याकडचं, बौद्ध. आईचं मन दुखवायचं नव्हतं म्हणून बाप्तिस्म्याच्या पाण्यात उतरलो नाही. लग्नाच्या वेळी रायपूरच्या ख्रिस्ती सासऱ्यांचं मन दुखवायचं नव्हतं म्हणून 'बाप्तिस्मा नागपूरला झालाय' म्हणालो. येशूवरचा विश्वास तेवढा खरा होता. पुढे रायपूरच्या चर्चमधल्या मंडळीने भाकर वाटायची थाळी माझ्या हाती दिली. आमच्या चर्चची रीत अशी, की बाकावर नवा चेहरा दिसला तर थाळी नेणाऱ्याने हळूच विचारायचं, बाप्तिस्मा झाला का? नसेल तर थाळी पुढे न्यायची. मी न अडखळता विचारत असे.

मागच्या ईस्टरला शेवटच्या बाकावर एक म्हाताऱ्या बाई होत्या. मुलाची रेल्वेत बदली झाली म्हणून नुकत्याच रायपुरातल्या आमच्या पंडरी भागात आलेल्या, हे मागून कळलं. मी हिंदीत विचारलं. उत्तर माझ्या आईच्या बोलीत आलं.

"नाही झाला जी. जेवाले बसवून ताट उचलता काय?" मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाल्या, "तुमचा कवा झाला, भाऊ?"

टोमणा नव्हता तो, सहज विचारलं होतं. 'नागपूरला' हा शब्द जिभेवर तयार होता. थाळी कलली, तुकडे कडेला सरकले. समोर बायको गात होती, माणसं मागे वळून पाहू लागली. एका शब्दाने सगळं निभलं असतं, पण तो फुटेना.

"माझाही नाही झाला," मी म्हणालो.

बाई सरकल्या. "मंग बसा जी."

मी आधी पास्टरांकडे गेलो आणि हळू आवाजात सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. "थाली रख दो, भैया. जाओ, बैठो." परत येऊन बाईंशेजारी बसलो. भाकर आमच्यासमोरून निघून गेली. त्या रिकाम्या हातांत मला जे मिळालं, त्याला मी कृपाच म्हणतो.

घरी बायको एवढंच म्हणाली, "इतने साल, मेरे बाजू में बैठके?" अजून ती मोकळं बोलत नाही.

आधी बाप्तिस्मा की आधी भोजन, यावर आम्हा ख्रिस्ती लोकांतही वाद होतात. मला रीत चुकीची वाटत नाही, माझं लपून जेवणं चुकीचं होतं. पुढच्या महिन्यात पाण्यात उतरतो आहे. बाई म्हणतात, "मी पाहीन जी."

ज्यांना मी भाकर नाकारली, त्यांतले काही चर्चला पुन्हा आले नाहीत. त्यांच्या दारी जाऊन हे सांगायचं आणि माफी मागायची, हे माझ्याकडून अजून राहिलं आहे.