हिरव्या दिव्याची वाट

माझा सहकारी रमाकांत गेल्याचं मला जासईच्या कंटेनर यार्डात कळलं. पनवेलजवळ विचुंब्याच्या घरी, सकाळचा चहा पिता पिता हृदय थांबलं. कंपनीने शोकसभा चटकन उरकली; हार फोटोपेक्षा मोठा होता. ‘त्यांचं काम थांबलेलं नाही,’ असं मॅनेजर म्हणाले. खरंच थांबलं नव्हतं... भीती त्याचीच होती.

त्याचं काम म्हणजे पायथॉन या संगणकाच्या भाषेतला एक प्रोग्रॅम. क्रेनने पेटी उचलण्याआधी तो काट्यावरचं वजन तपासायचा. मर्यादेत असेल तर हिरवा दिवा, नाहीतर लाल. मर्यादांची फाइल वेगळी होती. क्रेन जुनी होत गेली तसतशा रमाकांतने त्या मर्यादा खाली आणल्या. ही फाइल त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये असे, आणि ती तिथे शोधायची हे त्याने प्रोग्रॅमला पाथ देऊन सांगून ठेवलं होतं. “पायथॉन आधी प्रोग्रॅमच्या शेजारी बघतो, मग आपण दिलेल्या वाटेवर,” तो म्हणायचा. “पहिली सापडेल ती फाइल उचलतो. खरी कुठली, हे विचारत नाही. आपल्या हेडऑफिससारखं.”

यार्डातल्या नव्या शेडच्या उद्घाटनाला पाहुण्यांसमोर लाल दिवा नको, म्हणून कुणीतरी क्रेन नवी होती तेव्हाच्या मर्यादांची, त्याच नावाची फाइल प्रोग्रॅमशेजारी ठेवली. नारळ फुटला, दिवा हिरवा राहिला, टाळ्या झाल्या. शालींच्या घड्या मोडायच्या आत रमाकांतने ती फाइल काढली. तेव्हापासून रोज कामाआधी फाइल कुठून उचलली गेली ते तो स्क्रीनवर छापून बघे, आणि मगच ऑफिसच्या खिडकीतून क्रेन चालवणाऱ्या हरीभाऊंना हात वर करून ‘उचला’ अशी खूण करी.

तो गेल्यावर त्याचा कम्प्युटर पुसून दुसऱ्याला दिला. मर्यादांची फाइल गेली, प्रोग्रॅम बंद पडला. मग उद्घाटनाच्या फोटोंसोबत ती जुनी फाइल कुणाला तरी सापडली. पुन्हा प्रोग्रॅमशेजारी जाऊन बसली, सगळं सुरळीत. मी मॅनेजरना लेखी कळवलं. लाल दिवा लागत नाही ही तर प्रगती, असं त्यांचं मत पडलं.

हरीभाऊ उरणचे कोळी. काल त्यांनी विचारलं, “रमाकांतसायेब होते तवा दिवा कधीमधी लाल व्हायचा. आता होतच नाय. क्रेन तरणी झाली का काय?”

मी खरं ते सांगितलं. त्यांनी रमाकांतच्या खिडकीकडे पाहिलं. “मंग मी दिवा नाय बघनार. खिडकी बघीन.”

आज सकाळी पेटी वीतभर उचलून ते थांबले. दिवा हिरवा होता. ट्रकपाशी मजूर उभे होते, मागे हॉर्न वाजत होते. रमाकांतच्या खिडकीत मी उभा होतो; स्क्रीनवर छापलेली वाट शेजारच्या फाइलचीच होती. हात मी खालीच ठेवला... पेटी हळूच जमिनीला टेकली.

उद्या त्या खिडकीशी आधी कोण पोचेल, मी की हात वर करणारा दुसरा कुणी, माहीत नाही.